यादीतलं पाचवं पोर

कारंजा लाड
३ जून २०२५

वहिनी,
सप्रेम जय भीम.

फोनच केला असता, पण फोन माय उचलते. मंग "दीपू जेवला का, दीपू रडला का" यातच पंधरा मिनिटं जातात आणि कामाचं राहूनच जाते. तुमी घेतला तरी माय बाजूला बसून कान लावते. म्हणून लिहून राह्यली. चिठ्ठी हरीओमभाऊजवळ देते. माह्यासारखाच आमच्या डेपोचा कंडक्टर आहे, मालेगावच्या गाडीवर असते. सकाळी साडेनऊले त्याची गाडी किन्हीराजाच्या स्टँडवर थांबते. उत्तर त्याच्याजवळच द्या.

काम असं आहे की दीपूसाठी शाळा पाह्यली. नर्सरी आहे, आणि शाळा सुटली की तिथंच पाळणाघर, संध्याकाळी सातपर्यंत. माह्यासारख्या बाईले आणखी काय पाहिजे? पण ऑफिसात साधना मॅडम बसतात, त्यायनं कागदाची यादीच हातात दिली. जन्माचा दाखला, आधार, आणि लसीकरणाचं कार्ड. कार्ड नसलं तर फॉर्मच घेत नाईत. सरकारचा नियम आहे का त्यायचाच आहे, मी विचारलं नाई. सकाळपासून दोन फेऱ्या मारून आली होती, भांडायचं त्राणच नव्हतं.

वीस तारखेपर्यंत मुदत आहे. तोवर घरमालकीण तुळसाबाई दीपूले सांभाळून राह्यल्या. बावीसले त्या लेकीच्या बाळंतपणाले अमरावतीले चालल्या. त्याच्यानंतर मी दीपूले काय तिकिटाच्या मशीनसंगं गळ्यात अडकवू? त्याचे पप्पा चाकणले, त्यायले सुट्टी नाई. माह्यी रजा तर एप्रिलमधेच संपली.

तुमी आशाताई. अख्ख्या गावच्या लेकरायचे कार्ड तुमच्या पिशवीत. घरच्या भाच्याचं काढाले किती वेळ लागते? दाखला आणि कार्ड दोन्ही पाठवून द्या.

मायले सांगा, दीपू जेवते. रोज रडते, पण जेवते.

तुमची
नीलिमा


किन्हीराजा
६ जून २०२५

चि. नीलूस,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुह्यी चिठ्ठी पोचली. हरीओमभाऊनं गाडीतूनच हात काढून दिली, चहा पाजते म्हटलं तर "टाइम नाई वहिनी" म्हणे. तुमच्या खात्यातल्या कोणालेच टाइम नसते बापा.

इकडं सगळे बरे आहेत. तुह्या दादाचं सोयाबीनचं बियाणं आणून ठेवणं चालू आहे, पाण्याचा पत्ता नाई. माय दीपूची गोधडी उशाले घेऊन निजते. मी म्हटलं, धुऊन पाठवू का नीलूकडं, तर माह्यावरच डोळे काढले. शेवटी काल स्वतःच धुतली आणि म्हणे, "दे पाठवून, लेकराले त्याच्याबिगर झोप येत नसन." गोधडी, शेवया आणि जन्माचा दाखला हरीओमभाऊजवळ देऊन राह्यली.

कार्डाचं असं आहे की ते मोठ्या पेटीत असंल. पेटीची चावी तुह्या दादाजवळ आणि दादाचा पाय घरात टिकत नाई. शोधते मी. मधे घर सारवलं तेव्हा सगळं इकडचं तिकडं झालं होतं. त्या मॅडमले नुसतं सांगून चालत नाई का, की पोराच्या घरीच आशा आहे, सगळं झालेलं आहे? का बिनकार्डानं घेणारी दुसरी शाळा नसंल एखादी?

आणि दीपूले ताप वगैरे तर नाई ना? त्या शाळेत कोणा लेकराच्या अंगावर लाल पुरळ येऊन राह्यले असं कानावर आलं तर मले लगेच कळव. सहजच म्हटलं.

माह्यं तर यंदा डोकंच चालेनासं झालं आहे. सकाळी सर्वे, दुपारी मीटिंग, रात्री मोबाइलवर फोटो टाका. अकरा वर्षं झाली पिशवी खांद्यावर घेऊन, आता खांदाच एका बाजूले कलला.

तुह्यी
वहिनी


कारंजा लाड
१० जून २०२५

वहिनी,

गोधडी मिळाली, शेवया मिळाल्या, दाखला मिळाला. जे मागितलं ते मिळालं नाई.

मी काही दूधखुळी नाई. रोज गाडीत साठ माणसं चढतात, कोण खरंच पास घरी विसरला आणि कोण थापा मारून राह्यला, हे मले तोंडावरून समजते. तुमची चिठ्ठी तीनदा वाचली. पेटी, चावी, सारवण! तुमच्या पिशवीतला एक कागद कधी इकडचा तिकडं होत नाई. गावातल्या कोणत्या बाईचा कितवा महिना, हे तुमाले तोंडपाठ असते. आणि दीपूचंच कार्ड सापडत नाई?

मीच सांगते काय झालं ते. मायले दीपू परत पाहिजे. एप्रिलमधे मी त्याले घेऊन निघाली तेव्हा माय उंबऱ्यापर्यंत आली नाई, पाठ फिरवून बसली. तुमी म्हटलं होतं, "राहू दे ना त्याले इथंच, तुह्या नोकरीत कुठं जमते तुले?" आता कार्ड दाबून ठेवलं की अॅडमिशन होत नाई, अॅडमिशन नाई झाली की नीलू झक मारत पोरगं आणून सोडते. असंच ना?

वहिनी, तीन वर्षं तुमी माह्या लेकराचं केलं, मी नाई म्हणत नाई. मी आठ महिन्यांचं पोर टाकून मशीन गळ्यात घातली, हेही नाकारत नाई. पण त्यानं मले अजून मावशी म्हणावं का? पहिल्या महिन्यात मावशीच म्हणे. आत्ताशी कुठं आई म्हणाले लागला. त्याले परत पाठवणार नाई मी, काहीही होवो.

काल डबल ड्युटी केली. घरी आली तर तुळसाबाईच्या ओट्यावर बसून होता, चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन. म्हणे, "गाडी आली का?" तिथंच बसून रडली.

कार्ड पाठवा. नाईतर तसं लिहून द्या की पाठवत नाई.

नीलिमा


किन्हीराजा
१२ जून २०२५

नीलू,

तुह्यी चिठ्ठी अंगणवाडीत बसून वाचली. तू लिहिलं ते खरं नाई. पण जे खरं आहे ते त्याच्याहून वाईट आहे, म्हणून मले राग बी आला नाई तुह्या.

कार्ड सोबत आहे. ते पेटीत नव्हतंच, माह्या पिशवीत होतं. उघडून पाह्य, एकही चौकोन रिकामा नाई. तसंच नेऊन शाळेत दिलं तर कोणी काही विचारणार नाई. पण नऊ महिन्यांपासूनच्या पुढचं सगळं खोटं आहे. दीपूले गोवराची सुई दिलीच नाई. ना पहिली, ना दुसरी. दीड वर्षाचा त्रिगुणीचा डोस बी नाई.

तुले साडेतीन महिन्यांची सुई आठवत असंल. घरी आणल्यावर लेकरू लुळं पडलं, ओठ पांढरे झाले, हाक मारली तर पाह्यना. मालेगावच्या दवाखान्यात दिवसभर ठेवून घेतलं, संध्याकाळी हसाले लागलं. डॉक्टर म्हणे, "क्वचित होतं असं, धोका नाही, पुढच्या लसी चालू ठेवा." तू आणि मी ऐकलं. मायनं ऐकलं नाई. दवाखान्यात पोर मायच्या मांडीवर होतं, नीलू. मायनं तेव्हाच सांगून टाकलं की आता माह्या नातवाले कोणी टोचाचं नाई. आणि नोकरीवर जाताना तू बी म्हटलं होतं, "वहिनी, माय म्हणन तसं करा, तिच्या जिवाले लावू नका." तुह्यावर ढकलत नाई मी. जे झालं ते सांगते.

नऊ महिन्यांच्या सुईचं सत्र ऑक्टोबरात होतं. तांड्यावरच्या चार जणी लेकरं कडेवर घेऊन तीन किलोमीटर चालत आल्या, ऊन तर असं की डोकं फुटावं. गोवराची बाटली पाच लेकरायची असते आणि एकदा फोडली की चार तासांत संपवा लागते. सिस्टर म्हणे, "पाच झाले तर फोडते. चारसाठी फोडली तर उरलेलं वाया, मलेच जाब विचारतात." मागच्या महिन्यात त्या बाया अशाच परत गेल्या होत्या. आता परत पाठवल्या तर पुन्हा येणार नाईत, हे मले पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "फोडा तुमी. पाचवं माह्या घरचंच आहे, आणते."

सिस्टरनं पाचही कार्डं टेबलावर मांडून तारखा टाकून घेतल्या, तिले पुढच्या गावाले जायचं होतं. मी घरी आली तर कुलूप. शेजारची म्हणे, "तुमच्या सासूबाई नातवाले घेऊन रिठदच्या गाडीत बसल्या, बहिणीकडं चालल्या." मायले कोणीतरी सत्राची तारीख सांगितली असंल. कोणी कशाले, मीच आदल्या दिवशी दारोदार सांगत हिंडली होती.

परत गेली तेव्हा चौघं रडून चूप झाले होते, सिस्टर लसीचा डबा बांधत होती. मी म्हटलं, पोर नाई सापडलं. ती बी थकलेली होती बिचारी. म्हणे, "आता यादीत पाच लिहिले. पुढच्या महिन्यात आणा, सगळ्यात आधी देते." पुढच्या महिन्यात माय आठ दिवस आधीच रिठदले गेली. त्याच्यानंतर कोणी विचारलंच नाई. यादीत झालेलं पोर कोणी शोधत नाई, नीलू. न झालेल्याच्याच मागं लागतात सगळे.

ती पहिली खूण सिस्टरच्या हातची, ती चुकून झाली म्हण. पुढच्या खुणा माह्या हातच्या आहेत. दीड वर्षाचा झाला तेव्हा नाव पुन्हा यादीत आलं, आणि मी घरात बसून, माह्या पेनानं, बाकीच्या खुणा करून टाकल्या. गावात दारोदार जाऊन सांगते, घाबरू नका, टोचून घ्या. आणि माह्या घरात माह्यं चाललं नाई. हे कोणाले सांगू?

जन्माचा दाखला लगेच पाठवला, कारण तो खरा होता.

आता तू काय करशील ते कर.

रत्नमाला


किन्हीराजा
१९ जून २०२५

नीलू,

आठवडा झाला. हरीओमभाऊले रोज विचारते, तो मान हलवते. फोन केला तर तू कट करतेस. उद्या वीस तारीख.

मायले वाटते तू कामात आहेस. मी काहीच सांगितलं नाई अजून. जेवण जात नाई मले. शिव्या द्यायच्या तर दे, पण दोन ओळी लिही. अॅडमिशन झाली का? दीपू बरा आहे का? एवढंच कळव.

रत्नमाला


कारंजा लाड
२२ जून २०२५, रविवार

वहिनी,

आज सुट्टी आहे म्हणून लिहाले बसली. इतके दिवस लिहिलं नाई, कारण जे हातून लिहून झालं असतं ते तुमी जन्मभर विसरल्या नसत्या.

सोमवारी सोळा तारखेले मी ते कार्ड घेऊन शाळेत गेली. हो, गेली. खोटं आहे हे वाचून गेली. रजा नाई, तुळसाबाई चालल्या, पोर ओट्यावर. म्हटलं, आधी अॅडमिशन, सुई मंग पाहू. साधना मॅडमनं कार्ड उघडलं आणि खूश झाल्या. म्हणे, "इतकं नीट भरलेलं कार्ड शंभरात एखादं येतं. कुठल्या आशाताई आहेत?" मी म्हटलं, माह्यी वहिनी. त्यायनं झेरॉक्स काढून दुसऱ्या पालकांसाठी नमुना म्हणून काचेवर लावली. वरून दीपूच्या गालाले हात लावला.

मंग पाळणाघर दाखवाले घेऊन गेल्या. तिथं तीन तान्ही लेकरं होती, पाच-सहा महिन्यांची, दात नाई आलेले. त्यायले अजून गोवराची सुई लागूच होत नाई ना, वहिनी? तुमीच सांगत होत्या. दीपू एका पाळण्याले धरून उभा राह्यला आणि आत तोंड घालून त्या बाळाले "भॉ" करत होता. बाळ हसत होतं.

माह्या गाडीत एक माणूस बिनतिकिटाचा निसटला तर मी स्टॉपवर गाडी थांबवते. ड्रायव्हर चिडते, लोक चिडतात, तरी थांबवते. आणि इथं मी माह्या पोराले बिनतिकिटाचं बसवून आली होती.

बुधवारी बिनपगारी रजा टाकून दीपूले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरले सगळं सांगितलं, लुळा पडला होता ते बी. तुमचं नाव नाई सांगितलं. "घरच्यायनं नाई दिलं" एवढंच म्हटलं. तिनं डॉक्टरले विचारलं, एका हाताले गोवराची आणि दुसऱ्या हाताले त्रिगुणी दिली, आणि तासभर समोर बसवून ठेवलं. दीपू रडला, बिस्किट मागितलं, आणि खिडकीतून गाड्या मोजत बसला. दुसऱ्या दिवशी थोडा ताप, बस. या एवढ्यासाठी तीन वर्षं, वहिनी!

नवीन कार्ड मिळालं. अर्ध्याच्या वर रिकामं. वीस तारखेले ते घेऊन साधना मॅडमकडं गेली आणि काचेवरचं उतरवा म्हटलं. त्यायनं ते काढून नव्या कार्डाशेजारी ठेवून पाह्यलं. मंग म्हणे, "जागा ठेवते. पण गोवराचा दुसरा डोस होईपर्यंत पाळणाघरात घेता येणार नाही. बाळं आहेत." मले राग आला नाई. बरोबरच होतं त्यायचं. दुसरा डोस महिन्यानं, बुधवारी सोळा जुलैले.

म्हणजे महिनाभर दीपूले कोण पाहणार? तुळसाबाई आज सकाळी गेल्या. शनिवारपर्यंत शेजारच्या पोरीकडं ठेवायचं ठरलं आहे, त्याच्यापुढं काही नाई. म्हणून मायले पाठवा. महिनाभर तिनं इथं राहावं. आणि सोळा तारखेले माह्यी नागपूरची गाडी आहे, बदलून मिळत नाई. म्हणजे सुईले मायलेच न्या लागन. सांगा तिले सगळं. मी नाई सांगणार. तुमी सांगा.

तुमच्यावर माह्या राग आहे. जाताना "माय म्हणन तसं करा" मी म्हटलं होतं, तेही मले आठवते, म्हणून माह्यावर बी आहे. पण एक खरं सांगा. आणखी किती लेकरं आहेत तुमच्या यादीत अशी?

नीलिमा


किन्हीराजा
२६ जून २०२५

नीलू,

काल मायले सांगितलं. वाटलं होतं ओरडन, नाईतर रडन. ती नुसती तांदूळ निवडत राह्यली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणे, "मले वाटलं तू माह्यं ऐकलं. तू तं माह्यं पाप लपवलं." मंग ताट बाजूले ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राह्यली, उन्हात. मी बोलावलं तरी आली नाई. संध्याकाळी स्वतःच लुगडी पिशवीत भरली. शनिवारी हरीओमभाऊच्या गाडीनं येते. सुईले नेईन म्हणत नाई आणि नेणार नाई असं बी म्हणत नाई.

तू विचारलं, आणखी किती. तुले खोटं लिहाचा आता धीर नाई. आणखी एक. तांड्यावरच्या रामीबाईची नात, हेमला. तिची माय ऊसतोडीले गेली होती, पोर आजीजवळ. मी तीनदा गेली. तिसऱ्यांदा रामीबाई सगळ्या बायांसमोर म्हणे, "आशाताई, तुझ्याच घरचं पोरगं सुईनं लुळं पडलं होतं ना? तुझ्या सासूनंच सांगितलं बाजारात. आधी तुझ्या घरच्याला टोचलं का ते सांग." कार्डावर तर दीपूचं झालं होतं. मी हो म्हटलं असतं तर खोटं, आणि नाई म्हटलं असतं तर नोकरी. तशीच परत आली. महिनाअखेर होती, तालुक्यावरून फोनवर फोन, गाव शंभर टक्के काहून होत नाई. मी हेमलाच्या नावापुढं खूण केली. रात्रभर डोळ्याले डोळा लागला नाई, पण सकाळी उठून पुन्हा सर्वेले गेलीच.

दोन लेकरं. अकरा वर्षांत दोनच, असं स्वतःले सांगत होती. तुह्यी ती पाळण्याची गोष्ट वाचल्यापासून ते सांगता येत नाई.

तू माह्यं नाव घेतलं नाई, हे वाचून लाजच वाटली. मंगळवारी मी सिस्टरकडं जाते, रजिस्टर घेऊन.

रत्नमाला


किन्हीराजा
९ जुलै २०२५

नीलू,

माय पोचली, खुशाली समजली.

सिस्टरले सांगितलं. ती आधी चिडली. म्हणे, "तीन वर्षांनी कशाला उकरून काढता? मी बी अडकते ना त्याच्यात." मंग रजिस्टर बंद केलं आणि म्हणे, "चला, दोघी जाऊ." मोठ्या डॉक्टरांसमोर दोघी उभ्या राह्यलो. त्यायनं आवाज चढवला नाई, त्याचंच जास्त लागलं. म्हणे, "लेखी द्या." दिलं. माह्यी पिशवी तूर्तास ठेवून घेतली आहे, चौकशी होणार. काम राहील का जाईल, सांगता येत नाई. तुह्या दादानं पहिल्यांदा माह्यावर ओरडून घेतलं, मंग स्वतःच चहा करून आणला.

खांदा मोकळा झाला तर वाटलं होतं बरं वाटन. रिकामं रिकामं वाटून राह्यलं आहे. सकाळी उठून हात आपोआप खुंटीकडं जाते.

हेमलाचं नाव पुन्हा यादीत घेतलं आहे. सिस्टर दोनदा तांड्यावर जाऊन आली, रामीबाई दार उघडत नाई. माह्यं तर तोंडच पाहणार नाई ती.

सोळाचं काय होते ते कळव. माह्यं सगळं लक्ष तिकडंच आहे.

रत्नमाला


कारंजा लाड
१८ जुलै २०२५

रत्ना,

मी तुह्यी सासू लिलाबाई. बोलते मी अन् लिहिते नीलू. तिले म्हटलं, मी बोलते तसंच लिही, तुह्या मनचं घालू नको. (घालत नाई. नीलिमा.)

परवा बुधवार होता. नीलू सकायीच नागपूरच्या गाडीवर गेली. जाताना माह्या हातात कार्ड देल्लं अन् काई बोलली नाई. बोलली असती तं बरं झालं असतं. दीपूले आंघोय घातली, भाकर चारली, अन् आमी दोघं पायी निंघालो.

रत्ना, खरं सांगते. दवाखान्याच्या फाटकापोत गेली अन् माह्ये पाय थांबले. मले तेच दिसे, त्याचे पांढरे ओठ. बाजूलेच स्टँड. वाशिमची गाडी लागेल होती, अन् वाशिमावरून रिठद काई दूर नाई. मी दीपूचं बोट धरून मागं वयली. हाव, वयली. चार पावलं गेली बी.

मंग मनात आलं, मी पयाली तं इथी माह्यासाठी खोटी खून कराले रत्ना नाई. मांगं दोनदा पयाली, अन् तू मांगून माह्यं झाकलं. मले वाटे, मी नातवाले वाचोलं. माह्या भेवापायी तू तुह्या कामाले बट्टा लावून घेतला, अन् मले तीन वर्षं समजलं बी नाई. मी भर बाजारात सांगत हिंडली सुईनं पोरगं लुयं पडलं म्हनून, अन् तेच त्या रामीबाईनं तुह्या तोंडावर मारलं. दीपू म्हने, "आजी, गाडी तिकडं आहे, दवाखाना इकडं आहे." एवढं लेकरू मले रस्ता दाखवे.

आत गेलो. मांडीवर मीच धरलं त्याले, दुसऱ्या कोनाले धरू देल्लं नाई. डोये मिटले मी. तो रडला, मी बी रडली. सिस्टर म्हने, "आजी, तुम्हाला टोचली का?" अर्धा तास बसा म्हने, मी दुपारपोत बसली. उठवलं तरी उठली नाई. त्याच्या ओठाकडं पाहत राह्यली. लाल होते, रत्ना. लालच राह्यले. सांजच्याले अंग तापलं, ओलं फडकं फिरवलं, काल सकायी उठून शेवया मांगितल्या.

सिस्टर कार्डावर तारीख लिहे तवा मी म्हटलं, मले दाखवा कुठी लिहिता. मले वाचता येत नाई, पन तो चौकोन मी पक्का पाहून घेतला. आज नीलूनं ते कार्ड शायेत देल्लं. सोमवारपासून पोरगं तिथं जाईन.

आता माह्यं आयक. रविवारी मी हरीओमच्या गाडीनं येते. तुह्यी पिशवी देवोत का न देवोत, सोमवारी तू अन् मी तांड्यावर जाऊ. तू काई बोलू नको. रामीबाईच्या दारात मी बसते. ती दार उघडीन नाई तं उघडेपोत बसते, मले आता दुसरं काम काय हाये? तिले म्हनन, बाई, बाजारात सांगनारी मीच, नातू लपवनारी बी मीच, अन् परवा मांडीवर घेऊन टोचून आननारी बी मीच. पुस बापा काय पुसाचं ते.

अन् आपल्या गावच्या सिस्टरले सांगून ठेव. पुढच्या सुईच्या दिवशी चारच लेकरं जमले तं तिनं डबा बांधाची घाई करू नाई. मी दारोदार फिरते. यावेळेस पाचवं पोर यादीत नाई, कडेवर आनीन.

तुह्यी सासू
लिलाबाई